लायसन्स कुठलं, असं एकाने विचारलं

चार ओळींचा ईमेल होता. "तुमचा प्रोग्राम आमच्या ऑफिसात बरेच जण वापरतात. आमच्या कायदा विभागाला त्याचं लायसन्स आणि आत वापरलेल्या सगळ्या लायब्रऱ्यांची यादी हवी आहे. पाठवाल का?"

मला आधी आनंदच झाला. हा प्रोग्राम मी स्वतःपुरता लिहिला होता. स्कॅन केलेली पानं जोडायची, आडवी-उलटी पडलेली सरळ करायची, नको ती काढायची आणि एक पीडीएफ करून द्यायची, एवढंच त्याचं काम. पायथन या भाषेतल्या दोन-अडीच हजार ओळी, आणि बाकी काम लायब्रऱ्यांचं, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचं. कुणी अनोळखी माणसं तो रोज वापरतात याचंच मला अप्रूप. मी लगेच उत्तर धाडलं: "एमआयटी लायसन्स आहे, बिनधास्त वापरा. यादी आज संध्याकाळी पाठवते."

ती संध्याकाळ सुमारे पाच महिने चालली.

एमआयटी, म्हणजे जवळपास काहीही करू देणारं लायसन्स, मी 'निवडलं' होतं असं म्हणणं धाडसाचं होईल. कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवण्या-वाटण्याच्या साइटवर, टाकला तेव्हा दीड वर्ष लायसन्सची फाइलच नव्हती. उघड्यावर ठेवलंय म्हणजे कुणीही घ्यावं, इतकी साधी माझी समजूत. ती साफ चूक आहे. लायसन्स नसलेला कोड म्हणजे सगळे हक्क लिहिणाऱ्याकडे राखून ठेवलेला कोड. गिटहबवर इतरांना तो बघता येतो, त्याचा फोर्क, म्हणजे स्वतःची वेगळी प्रत, करता येतो, पण त्यापलीकडे वापरायची, बदलायची, वाटायची परवानगी कुणालाच नसते. पुढे कुणीतरी हटकलं, तेव्हा यादीतलं सगळ्यात आखूड दिसलं ते उचललं. एमआयटी जेमतेम पावणेदोनशे शब्दांचं, आणि जीपीएल या दुसऱ्या लायसन्सची तिसरी आवृत्ती साडेपाच हजारांच्या घरात. तुलना तिथेच संपली.

आता यादी करायची म्हणून पिप-लायसन्सेस नावाचं छोटं साधन चालवलं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये जितकी पॅकेजेस आहेत त्यांची नावं आणि प्रत्येकासमोर लायसन्स, असा तक्ता ते छापतं. बहुतेक ओळी एमआयटी, बीएसडी, अपाची. दोन ठिकाणी 'अननोन'. आणि मध्येच दोन ओळी अशा, की मी स्क्रीनजवळ तोंड नेऊन वाचल्या. खिडक्या-बटणांसाठी वापरलेलं पायक्यूटी जीपीएल ३ खाली होतं. पीडीएफचं सगळं जड काम करणारी पायमूपीडीएफ ही लायब्ररी जीपीएलचाच कडक भाऊ असलेल्या एजीपीएल ३ खाली. दोन्हींना दुसरा पर्याय आहे, पैसे मोजून व्यावसायिक लायसन्स घेण्याचा. मी पैसेही मोजले नव्हते आणि अटीही वाचल्या नव्हत्या.

इथे नेमकं काय चुकलं ते समजायला मला आठवडा लागला, कारण इंटरनेटवर या विषयावर जितकी तोंडं तितकी मतं. माझ्या स्वतःच्या ओळी एमआयटीखाली ठेवायला काहीच हरकत नव्हती. एमआयटीचा कोड जीपीएल-एजीपीएलच्या कोडसोबत नांदतो. पण मी लोकांना नुसता सोर्स, म्हणजे लिहिलेला कोड, देत नव्हते. पाय-इन्स्टॉलर वापरून सगळं एका डाउनलोडमध्ये बांधून देत होते, आणि त्या बांधलेल्या गाठोड्यात या दोन्ही लायब्रऱ्या होत्या. ते गाठोडं पूर्णच्या पूर्ण एजीपीएलच्या अटींवर द्यायला हवं होतं. मी मात्र त्यावर 'एमआयटी, काहीही करा' अशी चिठ्ठी चिकटवून मोकळी झाले होते. जी परवानगी माझ्या हातात नव्हती तीच मी वाटत सुटले होते. (पाय-इन्स्टॉलर स्वतः जीपीएल आहे, पण त्याने बांधलेला प्रोग्राम कुठल्याही लायसन्सखाली द्यावा अशी खास सूट त्यात लिहून ठेवली आहे. असा विचार आधीच करून ठेवणाऱ्यांना माझा नमस्कार.)

पहिली प्रतिक्रिया रागाची होती. जीपीएल म्हणजे व्हायरस, लागला की सुटत नाही, असं मीही दोन-तीन दिवस सगळ्यांना ऐकवलं. मग चहा घेऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा एजीपीएल पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. दोन बैठका लागल्या. कायद्याची भाषा आहे, पण अगम्य नाही. मागणी सरळ आहे: आमच्या कोडवर बांधलेलं काही दुसऱ्याला देणार असाल, तर त्यालाही तुमच्याइतकेच हक्क आणि सोर्स द्या. जीपीएलमध्ये ही अट प्रत 'देताना' लागू होते. सर्व्हरवर चालवून नुसती सेवा दिली तर प्रत कुणाला मिळतच नाही, आणि अट लागत नाही. २००७ साली आलेल्या एजीपीएल ३ ने ती फट बुजवली. बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मिळाला पाहिजे, असं त्यात आहे.

आठव्या कलमाने धीर दिला. जीपीएलच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत अट मोडली की हक्क आपोआप संपतात. तिसऱ्या आवृत्तीत, आणि एजीपीएल ३ मध्येही, चूक थांबवली आणि त्यानंतर ६० दिवसांत हक्कधारकाने हरकत घेतली नाही, तर हक्क कायमचे परत मिळतात. पहिल्यांदाच नोटीस आली असेल तर ती मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केलं तरी चालतं. मला कुणाची नोटीस आलेली नव्हती. मी डाउनलोडची लिंक त्याच रात्री काढून टाकली.

आणखी एक गंमत या वाचनात सापडली. प्रोग्राम नुसता चालवण्यासाठी हे लायसन्स स्वीकारण्याची गरज नाही, असं नवव्या कलमात स्वच्छ लिहिलंय. तरी कितीतरी इन्स्टॉलर जीपीएलचा अख्खा मजकूर दाखवून खाली 'मला मान्य आहे' अशी खूण करायला लावतात. माझाही लावत होता. रोज वेबसाइटच्या अटी न वाचता 'मान्य' दाबायची सवय इतकी मुरली आहे, की जिथे मान्य करायचं काही नाही तिथेही आपण बटण ठेवतो. त्या अटींमध्ये आपण काहीतरी देऊन टाकत असतो, आणि इथे आपल्याला मिळत असतं. दोन्ही चौकटी दिसतात मात्र सारख्याच.

आता लाजेची गोष्ट. जे एमआयटी मी 'काहीही करा' समजत होते, त्यालाही एक अट आहे. मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीबरोबर गेला पाहिजे. माझ्या गाठोड्यात डझनावारी एमआयटी आणि बीएसडी लायब्रऱ्या होत्या आणि एकीचाही मजकूर नव्हता. म्हणजे एजीपीएल राहू दे, सगळ्यात सोप्या लायसन्सची एकमेव अटही मी पाळत नव्हते. फोनच्या सेटिंगमध्ये 'ओपन सोर्स लायसन्सेस' नावाचं एक पान असतं, बोट दुखेपर्यंत सरकवलं तरी न संपणारं. ते कोण वाचतं, असं मी नेहमी म्हणायचे. ते वाचण्यासाठी नसतं. ते हिशेब चुकता केल्याची पावती असतं.

लायब्रऱ्या बदलून बघितल्या. पायक्यूटीच्या जागी पायसाइड घालणं सोपं गेलं. ते एलजीपीएल, म्हणजे जीपीएलच्या सौम्य अवताराखाली, आहे आणि नावंही जवळपास तीच. पीडीएफसाठी पायपीडीएफियम२ घेतलं. क्रोममध्ये पीडीएफ दाखवणारं पीडीएफियम इंजिन त्याच्या पोटात आहे, आणि लायसन्स अपाची किंवा बीएसडी. पानं दिसायला लागली, पण बाकीच्या बारीकसारीक जोडण्या पुन्हा बसवताना दोन शनिवार-रविवार गेले आणि निम्मंही झालं नाही. मग स्वतःला विचारलं, हा आटापिटा कशासाठी? मी काही कंपन्यांनी पोटात घ्यावी अशी लायब्ररी लिहीत नाहीये. माणसांनी वापरायचा प्रोग्राम आहे, आणि त्याचा सोर्स मी तसाही देतेच. एजीपीएल करून टाकावं.

तर मग परवानग्या. हा भाग मला फार थोडा वाटला होता.

मला एकूण पाच जणांनी पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवले होते. लायसन्सची फाइल आल्यानंतरच्यांची अडचण नव्हती. ज्या रेपोवर, म्हणजे गिटहबवरच्या कोडच्या साठ्यावर, लायसन्स आहे तिथे पाठवलेला कोड त्याच लायसन्सखाली येतो, हे गिटहबच्या अटींतच आहे, आणि एमआयटीचा कोड, त्यांच्या कॉपीराइटच्या ओळी राखून, एजीपीएलच्या प्रोग्राममध्ये चालतो. प्रश्न होता त्या बिनलायसन्सच्या दीड वर्षात आलेल्या दोघांचा. त्यांचा कोड कुठल्याच परवानगीखाली नव्हता. लिहिणारे ते, म्हणून हक्क त्यांचे.

अशा वेळी मोठ्या प्रोजेक्टांचं काय होत असेल, ते वाचत गेले. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जीपीएल २ वरच आहे, आणि हजारो लोकांच्या ओळी त्यात असल्यामुळे तो सुरू करणाऱ्या एकट्या लिनस टोरवाल्ड्सच्या मनात आलं तरी ते बदलणार नाही. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या मंडळींनी २०११-१२ च्या सुमारास इंजिनाचा भाग जीपीएलवरून एलजीपीएलवर नेला, तेव्हा जुन्या योगदानकर्त्यांना शोधून शोधून होकार मिळवावे लागले. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या ओपनएसएसएलने २०१७ मध्ये योगदानकर्त्यांना पत्रं पाठवायला सुरुवात केली. उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरू, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता आणि त्यावर बरीच टीका झाली. नवं अपाची लायसन्स प्रत्यक्ष लागू झालं २०२१ मध्ये, ३.० आवृत्तीत. मला दोनच माणसं गाठायची होती. तरी घाम फुटला.

पहिल्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं: "हो, कर की. विचारलंस हेच खूप." दुसऱ्याचा ईमेल परत आला. पत्ता बंद. त्याच्या गिटहब खात्यावर तीन वर्षांत हालचाल नव्हती. मी तिथे त्याचं नाव घेऊन निरोप ठेवला आणि महिनाभर थांबले. त्याच्या साठेक ओळी होत्या, पानाची दिशा ओळखण्याच्या. मी त्या इतक्यांदा वाचल्या होत्या की मी 'नव्याने' लिहिल्या असत्या तर त्याच उमटल्या असत्या. म्हणून जुनी युक्ती केली. १९८० च्या दशकात आयबीएमच्या बायॉसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, नक्कल न करता तसाच चालणारा बायॉस फीनिक्स कंपनीने बनवला, तो असाच: एकाने काय व्हायला हवं ते लिहायचं, आणि मूळ कोड न बघितलेल्या दुसऱ्याने तो बनवायचा. मी एका मैत्रिणीला पानभर वर्णन दिलं आणि रेपो उघडायचा नाही अशी शपथ घातली. ती म्हणाली, "साठ ओळींसाठी एवढं? तू ठीक आहेस ना?" तिने लिहून दिलं.

किरकोळ आवरासावर पटकन झाली. फाइलींची नावं नीट क्रमाने लावणारं, म्हणजे दहाच्या आधी दोन आणणारं एक फंक्शन मी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचललं होतं. तिथली उत्तरं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेय द्या आणि तसंच वाटा' या लायसन्सखाली असतात, आणि कुठली आवृत्ती ते उत्तराच्या तारखेवर ठरतं. त्या भानगडीत न पडता चार ओळी स्वतः लिहिल्या. आयकॉन कुठून घेतले होते ते मलाच आठवेना, ते सगळे फेकले. नोटो फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सचा, त्याचा मजकूर सोबत जोडला.

यापुढे पॅच पाठवणाऱ्यांकडून हक्क लिहून घ्यावेत, असा सल्ला एकाने दिला. मला तो नको वाटतो. हाशीकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या आपल्या सर्व्हर उभारायच्या साधनाचं लायसन्स बदलून कडक केलं तेव्हा योगदानकर्त्यांशी आधीच केलेले करार हाताशी होते. कंपनीला तो हक्क होता हे खरं, पण फुकट खपलेल्या माणसाला काय वाटलं असेल तेही खरं. जुना कोड जुन्याच लायसन्सखाली राहतो, म्हणून निदान ओपनटोफू नावाचा फोर्क निघू शकला. मी लिनक्सची २००४ पासूनची पद्धत उचलली. प्रत्येक कमिटखाली, म्हणजे नोंदवलेल्या बदलाखाली, पाठवणाऱ्याने एक ओळ टाकायची, की हे द्यायचा मला हक्क आहे. एवढं पुरे.

पाच महिन्यांनी त्या ऑफिसला यादी पाठवली, एजीपीएल लिहून. दुसऱ्याच दिवशी उत्तर: आमच्या धोरणात एजीपीएल बसत नाही, प्रोग्राम काढून टाकतोय. मी लिहिलं की नुसता वापरण्याने तुमच्यावर काहीच बंधन येत नाही, कलमही दाखवलं. "धन्यवाद," एवढंच आलं. त्यांच्या तक्त्यात ते नाव लाल रंगात असणार, आणि लाल रंगाशी वाद घालता येत नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी गिटहबवर एक टिपण उमटलं. बेपत्ता गृहस्थ. "हा कोड मी लिहिला होता? आठवत नाही. पण घ्या, कुठल्याही लायसन्सखाली घ्या." मी त्याच्या ओळी पुन्हा चालवून बघितल्या. जुन्या फॅक्सची पुसट पानं त्या बरोबर ओळखतात, मैत्रिणीच्या ओळखत नाहीत. त्याच्या परत घातल्या. मैत्रिणीला अजून सांगितलेलं नाही.