तुम्ही विचारलंत म्हणून: राइटशिवायचा पिंक फ्लॉइड

कीबोर्डवादक रिक राइट गेल्यावर सहा वर्षांनी, जुन्या टेपांवर शिल्लक राहिलेल्या वादनातून जुळवलेल्या ‘द एंडलेस रिव्हर’ला पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा खरा अल्बम कसे म्हणायचे, असे मला नेहमी विचारले जाते, आणि विचारणाऱ्यांमध्ये या बँडवर जीव असणारेच जास्त असतात.

मी म्हणतो, कारण ते वादन उरलेसुरले नाही. ‘द डिव्हिजन बेल’ या आधीच्या अल्बमची तयारी करताना, १९९३ मध्ये, गिटारवादक गिल्मर, ड्रमर मेसन आणि राइट यांनी एकत्र बसून तासन्‌तास जे वाजवले, त्यातून या अल्बमचा बराचसा भाग आला आहे. राइट हा बँडच्या संस्थापकांपैकी एक. ‘द वॉल’च्या काळात त्याला बँड सोडावा लागला, तरी त्याच अल्बमच्या कार्यक्रमांत तो पगारी वादक म्हणून वाजवत राहिला. त्याच माणसाची, पुन्हा साथीदारांत बसला असतानाची ही बोटे आहेत. २००८ मध्ये कर्करोगाने तो गेला. पुढे गिल्मर आणि मेसनने त्या टेपांवर नव्याने गिटार आणि ड्रम्स वाजवले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये अल्बम आला.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की राइटने आयुष्यभर इतरांच्या सुरांमागची जागा भरली, आणि इथे मात्र त्याने आधीच वाजवून ठेवलेल्या सुरांना साथ करायला उरलेले दोघे आले. तो आता थांबणार नाही, लय बदलणार नाही, मान वर करून पाहणार नाही. त्यामुळे जुळवून घेणे सगळे त्यांच्याकडे होते, आणि गिल्मरची गिटार कितीतरी ठिकाणी एखादा स्वर धरून वाट पाहते, ती मला त्यामुळेच वाटते.

उणिवा आहेतच. काही तुकडे रंगात येताच संपतात, आणि शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगचा आवाज १९९४ च्या ‘द डिव्हिजन बेल’मध्ये वापरून झाल्यावर इथे पुन्हा नको होता.

पण रेकॉर्डच्या तिसऱ्या बाजूवरचे ‘ऑटम सिक्स्टी-एट’ ऐका. दौडत्या गिटारची एक रचना मध्येच थांबते आणि लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचा प्रचंड पाइप ऑर्गन घुमू लागतो. साठच्या दशकाच्या अखेरीस तरुण राइटने तो वाजवला होता. दीडेक मिनिटात तो विरतो, आणि थांबलेली गिटार पुन्हा सुरू होते.