मनोराज्याचा उरलेला अर्धा भाग

"तुझं बरं आहे, तू मनातच सगळं करून मोकळी होतेस." हसत हसत आलेलं वाक्य. विषय लगेच पुढे गेला, मी मात्र तिथेच. चिडावं तर बोलणाऱ्याचं काही चुकलेलं नाही. न चिडावं तर... असो.

आळशी म्हटलं असतं तर एवढं लागलं नसतं. हे निदान होतं, आणि बरोबर होतं. मनात यश मिळालं की अंगात एक सैलपणा उतरतो, काम उरकल्यासारखा. खऱ्या कामाला हात लावायच्या वेळी नेमका तोच आडवा येतो.

या सैलपणाचं मोजमापही झालेलं आहे. हेदर काप्पेस आणि गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत, सगळं छान झाल्याची कल्पना रंगवणाऱ्यांचा वरचा रक्तदाब उतरला. कामासाठी शरीर सज्ज होतं तेव्हा तो चढतो, इथे उलटं झालं. शरीराला बिचाऱ्याला खरं-खोटं कुठे कळतं!

ओटिंगेनचं त्याहून जुनं काम जास्त बोचरं आहे. १९९१ मध्ये थॉमस वॅडनबरोबर तिने वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रिया अभ्यासल्या. आपल्याला जमेल असा भरवसा असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. आपण बारीक झाल्याची गोड चित्रं पाहणाऱ्यांचं कमी. भरवसा बहुधा मागच्या अनुभवावर उभा असतो, चित्राला अनुभव लागत नाही. २००२ मध्ये नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचंही तेच: स्वप्नं जितकी गुलाबी, तितके अर्ज कमी, नोकरीचे देकार कमी, दोन वर्षांनंतरचा पगारही कमी.

इथवर आलं की स्वतःची कीव येते. जे एकच काम विनासायास जमतं, तेच नेमकं नुकसानीचं.

पण मग २०१० चा किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांचा आकडा आठवतो. २,२५० जणांना दिवसभरात अवचित फोनवर विचारलं, आत्ता मन कुठे आहे? ४६.९ टक्के वेळा ते हातातल्या कामावर नव्हतं. म्हणजे जवळपास अर्धा वेळ सगळेच पसार असतात, बोलणी तेवढी माझ्या वाट्याला. (गोड विषयात रमलेली माणसंही कामात असलेल्यांपेक्षा जास्त सुखी निघाली नाहीत. म्हणजे त्यातही फार काही मिळत नाही.) मेंदूला तर स्वस्थ बसणं माहीतच नाही. शरीराच्या वजनात त्याचा वाटा सुमारे २ टक्के, ऊर्जेत सुमारे २०, आणि अवघड काम दिलं तरी त्याचा खर्च वाढतो तो ५ टक्क्यांहूनही कमी. नुसतं बसलेलं असतानाही आत कारखाना चालूच.

तेव्हा प्रश्न चित्रात काय दिसतं याचा आहे. फाम आणि टेलर यांच्या १९९९ च्या प्रयोगात परीक्षेआधी काही विद्यार्थ्यांनी रोज थोडा वेळ चांगले गुण मिळाल्याचं दृश्य पाहिलं, काहींनी स्वतः अभ्यासाला बसल्याचं: कुठे, किती वाजता, कोणतं प्रकरण. दुसऱ्या गटाने जास्त तास अभ्यास केला आणि गुणही जास्त मिळवले. पहिल्यांचा अभ्यास उलट घटला. माझ्या चित्रांत टेबल कधीच नसतं. थेट टाळ्या.

चित्रातून कामाकडे यायची ओटिंगेनची पद्धत चार पायऱ्यांची: इच्छा, फळ, अडथळा, योजना. इच्छा एकच, थोडी अवघड पण होण्याजोगी, साधारण चार आठवड्यांत पुरी होईल एवढी. मग ती पुरी झाल्याचं सगळ्यात चांगलं फळ मनात नीट पाहायचं, घाई न करता. इथे मनसोक्त रमायची परवानगी आहे, आणि माझ्यासारखी माणसं इथेच मुक्काम ठोकतात. त्यानंतर अडथळा, तोही आपल्या आतला. शेवटी 'जर-तर'चं एक वाक्य. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं, फोन लांब ठेवून.

क्रम उलटा चालत नाही. आधी अडथळा आणि मग स्वप्न असं केलं तर परिणाम होत नाही, कारण अडथळा त्या फळाच्या वाटेत उभा असलेला दिसावा लागतो. नुसती रडगाणी आळवून भागत नाही.

बिघडतं बहुतेक तिसऱ्या पायरीवर. 'वेळ मिळत नाही' असं लिहिलं की संपलं, कारण ते बाहेरचं आहे आणि त्याला उत्तर नाही. आणखी खणलं की काहीतरी लाजिरवाणं निघतं: वाईट लिहिलं जाईल ही भीती, किंवा कोणी विचारत नाही याचा राग, किंवा... तेच लिहायचं. चौथ्या पायरीवर 'मी जास्त प्रयत्न करीन' कुचकामी. पीटर गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ स्वतंत्र चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात 'जर अमुक घडलं, तर मी तमुक करीन' अशा ठरवण्याचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. 'जर'मध्ये ओळखू येईल असा क्षण हवा, 'तर'मध्ये एकच कृती.

कधी हे सगळं करून मन म्हणतं, हे व्हायचं नाही. तेही पद्धतीचंच फळ. शक्यता खरंच कमी असेल तर माणूस हात काढून घेतो आणि दुसरीकडे लागतो. याची मला भीती वाटते. काही जुनी मनोराज्यं या चाळणीतून टिकणार नाहीत, आणि ती मला आवडतात. तासन् तास जात असते, झोप आणि काम बुडत असतं तर गोष्ट वेगळी होती. एली सोमर यांनी २००२ मध्ये त्या अवस्थेला 'मॅलअडॅप्टिव्ह डेड्रीमिंग' असं वेगळं नाव दिलं, तिथे मदत घ्यावी. माझं प्रकरण तेवढं भारी नाही. थोडा अपमानच वाटला.

मग एक इच्छा घेतली, बाकीच्या चाळणीला लावल्या नाहीत. जर फाइल उघडल्यावर शेवटचं पान डोळ्यांपुढे आलं, तर त्याच क्षणी पहिलं वाक्य टाइप करायचं, कितीही वाईट असलं तरी. वाईट लिहिण्याचा सराव भरपूर आहे, तेवढी अडचण नाही.