सरांची पेटी

आमच्या संगीत विद्यालयाच्या वार्षिक संमेलनात बक्षीस समारंभ, समूहगान, पाहुण्यांचं लांबलेलं भाषण, सगळं यथासांग व्हायचं. आम्ही वाट बघायचो ती सरांच्या पेटीची; पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे, वाद्य ठेवायची पेटी. सर मूळचे वाद्यवृंदातले बसूनवादक; बसून म्हणजे खर्जातलं लांब लाकडी फुंकवाद्य. ‘बसून हे बसूनच वाजवतात’ हा विनोद दरवर्षी व्हायचा आणि आम्ही दरवर्षी हसायचो. पुढे एका संग्रहालयातली जुनी वाद्यं त्यांच्या ताब्यात आली. संमेलनाला त्यातलं एखादं त्या पेटीतून घेऊन यायचे. वाजवणार की नुसतं दाखवणार, यावर आमच्या पैजा.

एकदा सर्पेंट नावाचं जुनं फुंकवाद्य आलं. सापासारखी वळणं, अक्रोडाचं लाकूड, वरून काळं चामडं. पहिली फुंकर मारली आणि पुढच्या रांगेतली पोरं फिस्सकन हसली. थेट म्हशीचा हंबरडा! सर ओठ पुसत म्हणाले, “चर्चमधल्या गायकांना यानं दोनशे वर्षांवर आधार दिलाय.” मग तोच आवाज त्यांनी असा मऊ लावला की सभागृह चिडीचूप.

पुढच्या वर्षी बॉक्सवुड नावाच्या लाकडाची जुनी बासरी आणली आणि वाजवायला साफ नकार दिला. श्वासाच्या ओलीनं लाकूड आतून फुगतं, बाहेरून कोरडंच राहतं, मग चीर जाते. म्हणून त्यांनी तिची नक्कल वाजवली. तिचा ‘ए’ स्वर 415 हर्ट्झचा, पियानोचा 440चा. बिचाऱ्या साथीदाराला आयत्या वेळी सगळं अर्धा स्वर खाली घ्यावं लागलं, त्यात दोनदा घसरला.

वाद्यसंग्राहक फिलिप बेट यांनी 1968 साली आपला संग्रह ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिला, तो वाद्यं शिकवण्यासाठी वापरात राहावीत म्हणून, हे सर फार कौतुकानं सांगत. तिथले पहिले क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारे, अँथनी बेन्स बसूनवादक, त्यांच्यानंतरचे जेरेमी माँटेग्यू तालवादक. “म्हणजे आपलीच माणसं!” आवाज ऐकायचा आणि लाकूडही वाचवायचं, ही ओढाताण वादकालाच कळते, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा अर्धवटच पटलं होतं.

माझ्या शेवटच्या संमेलनाला ती जुनी बासरी त्यांनी माझ्या हातात दिली. “पाच मिनिटं.” स्वतः घड्याळ धरून समोर बसले. चार मिनिटं नुसती हवाच गेली. मग कुठे सूर लागतोय असं वाटलं, तोच त्यांनी हात पुढे केला. बासरी आतून पुसली, वहीत तारीख टाकली, पुढे लिहिलं: पाच मिनिटं.