४६ एमएम ते ३५ एमएम

पहिलं 'भारी' घड्याळ घेतलं तेव्हा माझी एकच अट होती, समोरच्याला लांबून दिसलं पाहिजे. पहिल्या नोकरीचा बोनस, ४६ एमएमची डायल, आत तीन छोट्या तबकड्या, स्टॉपवॉच (जे मी आजवर फक्त मॅगी करताना वापरलंय), आणि माझं मनगट म्हणजे साडेसहा इंच. शर्टाच्या बाहीचं बटण लागायचं नाही. आई म्हणाली भिंतीवरचं काढून बांधलंयस का, तर मला ते कौतुकच वाटलं.

मग कोणीतरी डोक्यात भरवलं की सेलवाल्यात काय मजा नाही, ऑटोमॅटिक घे, म्हणजे हात हलला की आपोआप चावी भरणारं. म्हणून सिको फाइव्ह घेतलं, एसएनके ८०९, काळी डायल, ३७ एमएम. हातावर इतकं बारकं दिसलं की परतच करणार होतो. शिवाय त्यातलं ७एस२६ मशीन म्हणजे चावी द्यायची सोय नाही, शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं की सोमवारी सकाळी बंद, मग खुळखुळ्यासारखं हलवत बसा. पण मागच्या काचेतून ते चक्र फिरताना दिसायचं आणि मी मीटिंगमध्ये घड्याळ काढून उलटं धरून बघत बसायचो.

२०१६ च्या जानेवारीत सरकारने एचएमटीचं घड्याळांचं युनिट बंद करायचा निर्णय घेतला आणि अख्ख्या देशाला एकदम एचएमटीचं प्रेम आलं, त्यात मीही. ऑनलाइन धडाधड त्यांच्या 'पायलट' मॉडेलची घड्याळं घेतली, निळा, हिरवा, केशरी, एक तर चक्क गुलाबी. नऊ झाले. रविवार पेठेत एक घड्याळवाले काका बसतात, त्यांच्याकडे सर्व्हिसिंगला नेले तर त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, गुलाबीवर दहा सेकंद थांबले आणि म्हणाले, "साहेब, पायलट काळा असायचा हो. हे रंगवलंय." मग मलाच भिंग दिलं. मिनिटांच्या रेघा बाराच्या आकड्याशी जुळत नव्हत्या, अक्षरं जास्त शाई लागलेल्या शिक्क्यासारखी फुगलेली. नवातले सात तसलेच. जुनी सिको घड्याळं अशी रंगवून विकतात त्यांना परदेशातले शौकीन हिणवून 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि मी ते वाचून इतके दिवस उगाच अभिमान बाळगून होतो!

तेव्हापासून चकचकीत जुनं घड्याळ दिसलं की संशयच येतो.

आता रोज हातावर असते ती एचएमटीचीच 'जनता', ३५ एमएम, १७ ज्वेल (मशीनमधले झीज कमी करणारे बारीक खडे), चावीची. एचएमटीने १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं सुरू केली, तर हिच्यातलं मशीनही त्याच जपानी घराण्यातलं. कानाला लावलं की सेकंदाला पाच ठोके, आणि दिवसाला मिनिटभर मागे पडते, पडू दे. चारच्या आकड्यापाशी चहा सांडल्यासारखा डाग आहे. विकणारा म्हणाला दोनशे रुपयांत नवी डायल करून देतो, मी म्हटलं हात लावू नका. स्विस वगैरे आवडत नाहीत असं मी सांगत फिरतो, पण ते कोल्ह्याला द्राक्षं आंबट असंही असेल.

बाकीची बरीचशी विकली. ४६ एमएमवालं दहावीतल्या भाच्याला दिलं, कारण जनताकडे बघून तो म्हणाला, "मामा, हे खराब झालंय का?" त्याच्या घड्याळात सेल टाकायला आम्ही त्याच काकांकडे गेलो. त्यांनी त्याचं घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता मागचं झाकण उघडायला घेतलं.