फिलाडेल्फियातला ‘ॲ’

रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये दुपारच्या गर्दीत मी पाण्याची बाटली मागितली, तेव्हा गाळ्यावरच्या गृहस्थांनी ती पुढे सरकवताना ‘वुडर’ असा शब्द उच्चारला. तो ‘वॉटर’ होता हे कळायला मला क्षणभर लागले. बाजार १८९३ पासूनचा, छत जुन्या रेल्वे स्थानकाचे, आजूबाजूला पाहण्यासारखे पुष्कळ. तरीही माझ्या प्रवासाचा आरंभ मी त्या एका शब्दापासून धरते, कारण पुढचे दहा दिवस मी या शहरातल्या इमारतींपेक्षा इथल्या माणसांच्या तोंडचे स्वर अधिक लक्ष देऊन ऐकले.

बॉस्टन आणि न्यूयॉर्क या बंदरांच्या जुन्या बोलीत स्वरानंतरचा ‘र’ गळतो. फिलाडेल्फियाने मात्र तो जपला आहे. इथे ‘क्रेयॉन’चा ‘क्राउन’ होतो आणि फुटबॉलचा लाडका ‘ईगल्स’ संघ ‘इगल्स’ होतो. या खुणा इथल्या लोकांना स्वतःलाही ठाऊक आहेत आणि ते त्या कौतुकाने सांगतात. पण शहराची खरी ओळख ज्या स्वरात दडलेली आहे, त्याची जाणीव बोलणाऱ्यालाही सहसा नसते. तो स्वर म्हणजे साधा ‘ॲ’.

ही गोष्ट मला दक्षिण फिलाडेल्फियात समजली. माझ्या धाकट्या भावाच्या जुन्या सहकारी, आता निवृत्त झालेल्या एक बाई, नाइन्थ स्ट्रीटच्या इटालियन बाजारापासून जवळच एका चाळवजा, भिंतीला भिंत लागलेल्या घरात राहतात. त्यांचे आजोबा इटलीहून आले; त्यांचे वडील आणि त्या स्वतः याच वस्तीत जन्मल्या. दारापुढच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी आम्हाला लिंबाचा बर्फगोळा खायला दिला, ज्याला इथे ‘वॉटर आइस’ म्हणतात आणि त्या अर्थातच ‘वुडर आइस’ म्हणाल्या. मी त्यांना काही शब्द म्हणून दाखवण्याची विनंती केली. ‘मॅड’, ‘बॅड’ आणि ‘ग्लॅड’ या तीन शब्दांत त्यांचा ‘ॲ’ ताणला गेला, वर चढला आणि जवळजवळ ‘मेअड’, ‘बेअड’ असा ऐकू आला. ‘सॅड’ आणि ‘डॅड’ मात्र आपण म्हणतो तसेच आखूड राहिले. व्यंजन तेच, लेखन तेच, तरी उच्चार वेगळा. ‘मॅन’, ‘हॅम’, तसेच इथे ‘ॲ’नेच उच्चारले जाणारे ‘पास’, ‘बाथ’ हे शब्द ताणलेले. ‘कॅट’, ‘बॅक’ आखूड. डब्याला ‘कॅन’ म्हणताना स्वर ताणायचा, पण ‘शकणे’ या अर्थाच्या ‘कॅन’मध्ये तो ताणायचा नाही. हे कोणी शिकवले, असे विचारल्यावर त्या गोंधळून माझ्याकडे पाहू लागल्या. आपण दोन निरनिराळे स्वर उच्चारतो, हेच त्यांना त्या दिवशी प्रथम उमगले होते.

मराठी माणसाला हे कोडे परके वाटू नये. ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ आपण एकाच अक्षराने लिहितो आणि दोन रीतींनी उच्चारतो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, यांतला फरक कोणत्याही पाटीवर लिहिलेला नसतो. आपण तो शब्दागणिक, अक्षरओळख होण्याच्या कितीतरी आधी, घरातल्या मोठ्यांच्या तोंडून उचललेला असतो.

माझा मुक्काम भावाकडे, किंग ऑफ प्रशिया या उपनगरात होता. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या नावाने इथे एक जुनी पांथशाळा होती, तिच्यावरून गावाला हे नाव मिळाले. शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवरचे हे ठिकाण आज पर्यटक तिथल्या अवाढव्य मॉलसाठी ओळखतात. भाषेच्या अभ्यासकांना ते वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहे. नोकऱ्यांमुळे इथे इतर राज्यांतली असंख्य कुटुंबे येऊन वसली आणि फिलाडेल्फियाच्या जुन्या रहिवाशांच्या शेजारी राहू लागली. आर्विला पेन या संशोधिकेने अशा घरांतल्या मुलांचे बोलणे तपासले आणि १९८० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लहान वयात आलेल्या मुलांनी मित्रमंडळींकडून स्थानिक बोलीचे बरेच स्वर सहज आत्मसात केले होते. परंतु ‘मॅड’ ताणायचा आणि ‘सॅड’ ताणायचा नाही, ही संपूर्ण व्यवस्था ज्यांचे आईवडीलही इथेच वाढले होते, अशाच मुलांना साधली होती. इथे जन्म होणे, इथल्याच शाळेत जाणे एवढे पुरेसे नव्हते. माणसाची बोली त्याच्या गावावरून ठरते असे मी आजवर समजत आले होते. ती आधी घरावरून ठरते, हे मला या गावाने शिकवले.

रात्री जेवणानंतर मी भाचीला हेच शब्द वाचायला दिले. तिचा जन्म इथला. तिचा ‘वुडर’ अगदी अस्सल आहे. पण ‘मॅड’, ‘बॅड’, ‘सॅड’ आणि ‘डॅड’ या चारही शब्दांत तिचा ‘ॲ’ एकसारखा आखूड आला. मग मी देवनागरीत ‘जग फार मोठे आहे’ आणि ‘तू शंभर वर्षे जग’ अशी दोन वाक्ये लिहिली. तिने ती अडखळत वाचली, तिला देवनागरी नीट येत नाही. तरीही दोन्ही ‘ज’ जिथल्या तिथे, अचूक उमटले. “आत्या, यात काय कठीण आहे?” असे तिने विचारले. वहिनी भांडी आवरता आवरता थांबली आणि काही न बोलता मुलीकडे पाहत राहिली. इतकी वर्षे घरात मराठीच बोलण्याचा तिने धरलेला आग्रह त्या दोन ‘ज’कारांत मला ऐकू आला, आणि मला त्याचे फार मोल वाटले.

“ताई, म्हणजे माणूस जन्मभर घरचाच हेल घेऊन फिरतो का?” भावाने विचारले. तसे नाही, हे मी आठवडाभर आधी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिन्यर्ड बेटावर जाऊन आल्यामुळे सांगू शकले. वुड्स होलहून पाऊण तासाच्या बोटीने मी तिथे गेले होते. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह हे पूर्वी शाई बनवण्याच्या धंद्यात रसायनतज्ज्ञ होते. पुढे त्यांनी फिलाडेल्फियातल्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अनेक दशके अध्यापन केले आणि २०२४ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. १९६१ मध्ये त्यांनी या बेटावर ६९ रहिवाशांच्या मुलाखती घेतल्या. काही बेटवासी ‘राइट’ आणि ‘हाउस’ या शब्दांतला स्वर ‘आ’ऐवजी ‘अ’च्या जवळून सुरू करत, जणू ‘रइट’ आणि ‘हउस’. ही लकब बेटावरच्या चिलमार्क गावच्या मासेमारांत आणि विशेषतः तिशी-चाळिशीतल्या माणसांत सर्वांत ठळक होती. उन्हाळ्यात येणाऱ्या श्रीमंत पाहुण्यांच्या हाती बेटावरची घरे जात असताना, ज्यांनी इथेच राहायचे ठरवले त्यांचा हा स्वर अधिक घट्ट झाला, आणि ज्यांना बाहेर पडायचे होते त्यांच्या बोलण्यात तो विरळ राहिला. एका आईने लबॉव्ह यांना सांगितले होते की, आपला मुलगा कॉलेजातून परतल्यापासूनच असे बोलू लागला आहे. मी चिलमार्कमधल्या मेनेमशा बंदरावर संध्याकाळी बराच वेळ उभी होते. घराने दिलेला स्वर माणूस कोणाशी नाते सांगतो त्याप्रमाणे गडद किंवा फिका करत असतो, हे त्या लहानशा धक्क्यावर मला पुस्तकापेक्षा अधिक पटले.

फिलाडेल्फियाचा ‘ॲ’ही आता हलू लागला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९७३ पासून सुमारे ४० वर्षे शहराच्या वस्त्यावस्त्यांत जाऊन मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत १८८८ ते १९९१ या काळात जन्मलेल्या माणसांचे आवाज जमा झाले. शिक्षणासाठी दूरच्या विद्यापीठांकडे डोळे लावून बसलेली तरुण मुले ‘मॅन’ आणि ‘हॅम’ ताणतात, पण ‘मॅड’ आणि ‘बॅड’ ताणणे सोडून देत आहेत, असे संशोधकांना आढळले आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्या बाईंकडे गेले. त्यांची नात सुटीसाठी घरी आली होती. ती माझ्याशी बोलताना ‘बॅड’ आणि ‘सॅड’ यांत काहीच भेद करत नव्हती. तेवढ्यात आजीने आतून तिला हाक मारून काही विचारले, आणि तिने पायरीवरूनच मान वळवून दिलेल्या उत्तरातला ‘नॉट बॅड’ चांगला लांबलचक, ‘बेअड’ असा आला.