ताट मी फेकले

अंबाजोगाई, सर्वपित्री अमावस्या, रात्री

आज वडिलांच्या नावाने पान वाढले, गच्चीवर कावळ्यासाठी घास ठेवला आणि दुपारी लोखंडी पेटीतून त्यांच्या हिशोबाच्या वह्या काढल्या. गेले काही महिने मी रोज रात्री स्टीव्हन्सनच्या ‘डॉ. जेकिल आणि मिस्टर हाइड’ या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या लहानशा कादंबरीचे भाषांतर करते आहे, छापण्यासाठी नव्हे, केवळ स्वतःसाठी. तिच्या १० प्रकरणांपैकी शेवटच्या प्रकरणात मी आठवडाभर अडकून पडले आहे. त्यात हस्ताक्षराचा जो उल्लेख येतो, तो वाचल्यापासून या वह्या डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या.

हे प्रकरण म्हणजे स्वतः तयार केलेले औषध पिऊन हाइड नावाच्या दुष्ट रूपात शिरणाऱ्या डॉक्टर जेकिलने स्वतःच्या हाताने लिहिलेला कबुलीजबाब. तो आपल्यासमोर येतो तेव्हा प्रेत आधीच सापडलेले असते: अंगाला कितीतरी मोठे होणारे, डॉक्टरांच्या मापाचे कपडे घातलेला हाइड आणि हातात चेचलेली कुपी. काय घडले हे वाचकाला ठाऊक असते. ते ज्याच्या हातून घडले तो ‘मी’ नेमका कोण, एवढेच उलगडायचे राहिलेले असते. त्यामुळे या प्रकरणात सर्वनामाला जेवढे वजन आहे तेवढे मला औषधाला किंवा चमत्काराला वाटत नाही.

रस्त्यात भेटलेल्या वृद्धाला हाइड काठीने झोडपून ठार करतो, तो प्रसंग सांगताना जेकिल सरळ ‘मी’ म्हणतो. घावागणिक आपल्याला आनंद होत होता, हेसुद्धा तो लपवत नाही. पुढे बागेतल्या बाकावर बसून, आपण इतरांपेक्षा बरेच आहोत असा विचार करत असतानाच औषधाशिवाय त्याचे रूप पालटते आणि त्याला एका हॉटेलात आसरा घ्यावा लागतो. तिथे हाइड दिवसभर शेकोटीपुढे नखे कुरतडत, भीतीने आक्रसून बसून राहतो, आणि इथे मात्र जेकिल लिहितो की मी ‘तो’ म्हणतो आहे, ‘मी’ मला म्हणवत नाही. खून स्वतःचा म्हणून सांगता येतो आणि भेदरून बसणे सांगता येत नाही, हे पहिल्यांदा लक्षात आले त्या रात्री मी पुढे एक ओळही लिहू शकले नाही.

आपल्या भाषेत हा पेच आणखी घट्ट होतो. ‘बसलो’ आणि ‘बसला’ यांतून एक निवडावेच लागते, क्रियापद कर्त्याला लपू देत नाही. ‘घाव घातले’ हे मात्र मी घातले तरी तेच आणि त्याने घातले तरी तेच. क्रियापद घावांच्या मागे जाते, घालणाऱ्याच्या नाही. मराठीत ओघाने लिहिताना असा कर्ता सहज गळतो. माझ्या कच्च्या खर्ड्यात खुनाच्या परिच्छेदातून तो तसाच गळला होता आणि वाक्य छान वाहते आहे म्हणून मी समाधानीही होते.

ही भाषा मी घरातच शिकले. वडील मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, गंध लावून निघणारा माणूस रात्री दाराची कडी वाजवी तेव्हा वेगळाच असे. एकदा त्यांनी भरले ताट भिंतीवर फेकले. मी सातवीत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे उठले तेव्हा ते ओल्या फडक्याने भिंतीवरचे कढीचे डाग पुसत होते, खाली वाकून, एकेक ओघळ, पुन्हापुन्हा फडके पिळत. आई मला चुलीपाशी ओढून म्हणाली, “त्ये नव्हते गं ते. दारू बोलायली होती.” आम्ही सगळ्यांनी पुढची अनेक वर्षे तेच म्हटले, आणि त्यांना ते ऐकू जात असे. आज वाटते, तो आमचा दिलासा होता. त्यांना त्याने काहीच आधार दिला नसावा. उलट, ‘ते तुम्ही नव्हताच’ असे सारे घर म्हणत असताना माणसाने थांबायचे तरी कोणी? यकृत निकामी होऊन ते गेले तेव्हा ५२ वर्षांचे होते.

जेकिलने हाइडला सही दिली होती ती आपलेच अक्षर उलट्या बाजूला कलवून. पुढे हाइडने जेकिलच्या पुस्तकांत त्याच्याच हस्ताक्षरात अभद्र मजकूर खरडला, त्याच्या वडिलांची पत्रे जाळली आणि त्यांची तसबीरही नष्ट केली. चेहरा बदलला तरी हाताचे वळण मोडत नाही. वडिलांच्या वह्यांत सकाळच्या नोंदींवर पट्टीने ओढल्यासारखी शिरोरेघ आहे. रात्रीच्या नोंदींना ती नाही, अक्षरे ओळ सोडून खाली उतरलेली. पण ‘क’चा गाठ मारल्यासारखा डोळा दोन्हीकडे तोच.

ताट फेकले त्या सालच्या वहीत, तेल आणि ज्वारीच्या आकड्यांमध्ये, कोणत्याही रकमेशिवाय एक ओळ सापडली. शिरोरेघ नीट ओढलेली आहे, म्हणजे सकाळची असावी, कदाचित भिंत पुसून झाल्यानंतरची. “ताट मी फेकले.” ‘मी’ लिहिला नसता तरी वाक्य चालले असते, आणि हिशोबाच्या वहीत तर ते अगदीच खपून गेले असते.

रात्री खर्डा पुन्हा उघडला आणि खुनाच्या परिच्छेदात, प्रत्येक घावाच्या आधी, ‘मी’ परत घातला.