सुरळीतली अळी

२१ ऑगस्ट

धानाची रोवणी होऊन आज अठरा दिवस झाले. काल रात्री अंगणातल्या दिव्याभोवती नखाएवढी पांढरी पाखरं घिरट्या घालत होती, पंखांवर फिकट तपकिरी ठिपके. सुरळीतल्या अळीचीच ही पाखरं, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. सकाळी तलावाखालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात उतरलो, तर धानाचे शेंडे कात्रीनं छाटल्यासारखे दिसले. उरलेल्या पानांवर पांढरे पापुद्रे. बोटाच्या पेराएवढ्या हिरव्या सुरळ्या वाऱ्यानं धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या कोपऱ्यात गोळा झालेल्या.

एक सुरळी हलकेच उघडली. आत थेंबभर पाणी आणि त्यात फिकट हिरवी, आरपार दिसेल अशी अळी. अंगाच्या दोन्ही बाजूंना पांढरे बारीक तंतू. हेच तिचे कल्ले, माशासारखे. पिकावरच्या बहुतेक अळ्या पाण्यात पडल्या तर बुडून मरतात, हिला पाण्याबाहेर जगता येत नाही. म्हणून पानाचा शेंडा कापायचा, रेशमानं गुंडाळून त्याची नळी करायची आणि आपलं पाणी सोबत घेऊनच पानावर चढायचं. किती वेळ बघत उभा होतो कोण जाणे. शास्त्रीय नाव पॅरापॉयन्क्स स्टॅग्नालिस, म्हणजे साचल्या पाण्यातली. १८५२ साली झेलर या अभ्यासकानं ते दिलं.

बाबा धुऱ्यावरून म्हणाले, "पाहत काय रायला? पाणी काढ बांधीतलं. दोर आण घरून."

दोर दोघांनी दोन टोकांना धरून धानावरून ओढला, सुरळ्या टपाटप पाण्यात पडल्या. मग पाणी जायला बांधाची पार फोडली. खाली काकांची बांधी आहे, सुरळ्या वाहत तिकडे गेल्या तर त्यांचं धान खातील. म्हणून तोंडाला जुनी मच्छरदाणी बांधली आणि अडकलेल्या सुरळ्या टोपल्यानं काढल्या. औषध मारायला माझं मन तयार नव्हतं. त्याच पाण्यात बेडूक आहेत, मासळीची पिल्लं आहेत. फुटवे अजून फुटायचे आहेत, धान सावरेल.

जीव तुटला तो पाण्यासाठी. जुलैभर आभाळाकडे बघत काढला, मामा तलावाचं, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचं तुडूम (पाणी सोडायचं दार) उघडलं तेव्हा कुठं रोवणी झाली. तेच पाणी आज हातानं सोडून दिलं. तीन दिवस बांधी कोरडी ठेवायची आहे.

एक सुरळी बरणीत आणली आहे, तलावाच्या पाण्यात, धानाच्या दोन काड्यांसह. आत्ता कंदिलाच्या उजेडात ती काडीवर चढते आहे.